पाठशुद्धी : मूळ पाठाकडे जाण्याच्या तीन वाटा



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला मराठी शिकवीत. शुद्धलेखनाच्या वहीत एखादा शब्द चुकला, तर तो खोडून काढण्यास त्यांची सक्त मनाई असे. चुकलेल्या शब्दाखाली बारीक रेघ ओढावी आणि समासात बरोबर शब्द लिहावा, हा त्यांचा दंडक होता. खोडून टाकलेस तर काय चुकले होते हे उद्या तुला तरी कसे कळेल, असे ते विचारीत. त्या वयात आम्हांला तो काच वाटे. पुढे जुन्या पोथ्यांच्या अभ्यासात थोडेफार लक्ष घातले, तेव्हा उमगले की, ग्रंथसंशोधनाच्या एका थोर शिस्तीचे सार गुरुजींनी आम्हांला पाचवीच्या वर्गातच दिले होते. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या शिस्तीचाच आहे.

एखादा मजकूर कालौघात बदलत गेला, तर त्याचे आधीचे रूप पुन्हा कसे मिळवावे? मिळवले तर मधल्या काळात त्यात जे शिरले त्याचे काय करावे? आणि हा निवाडा करण्याचा अधिकार कोणाचा? मराठी माणसाने हे प्रश्न सातशे वर्षे हाताळले आहेत. त्यांची उत्तरे त्याने तीन वेगवेगळ्या वाटांनी शोधली. त्यांतली सर्वांत जुनी वाट आपल्या पांढुर्ण्याहून फार दूर नाही. वरूड, मोर्शी ओलांडले की रिद्धपूर येते. ती वाट तेथूनच निघते.

१. पाठ बिघडतो कसा

छापखाना येण्यापूर्वी ग्रंथ म्हणजे हाताने केलेली नक्कल. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी वंशावळ वाढत जाई. नकलणारा माणूस प्रामाणिक असला तरी डोळा आणि हात चुकतोच. जुन्या लेखनात शब्द तोडून लिहीत नसत. ओळ सलग चाले. ती कोठे तोडावी, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. 'ख' हे अक्षर 'रव' असे वाचले जाई. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांत गल्लत होई. दोन ओळींचा शेवट सारखा असला की नजर वरच्या ओळीवरून थेट खालच्या ओळीवर घसरे आणि मधला मजकूर कायमचा गळून जाई.

हे झाले अजाणता घडणारे दोष. जाणूनबुजून होणारे बदल याहून अवघड असतात, कारण ते करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. एखादा शब्द जुना झाला, श्रोत्यांना कळेनासा झाला, म्हणून नकलणाऱ्याने त्या जागी चालू शब्द घातला. एखाद्याने समासात स्वतःसाठी अर्थ टिपून ठेवला, आणि पुढच्या नकलणाऱ्याने तो मूळ मजकुराचाच भाग समजून आत घेतला. कोणा कीर्तनकाराला वाटले, येथे आणखी एक ओवी असती तर प्रसंग खुलला असता. त्याने ती रचली आणि जोडली. त्याला ती भक्ती वाटली. ग्रंथाच्या दृष्टीने मात्र ती भर होती, आणि शंभर वर्षांनी ती भर कोणती आणि मूळ कोणते हे सांगणारा कोणी उरला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ग्रंथ जितका लोकप्रिय, तितका तो अधिक बदलतो. जो कोणी वाचत नाही, तो कोणी नकलत नाही, आणि म्हणून बिघडवतही नाही. आपल्या सर्वांत आवडत्या ग्रंथांचे पाठ सर्वांत अधिक डळमळीत का, याचे कारण हे आहे.

२. रिद्धपूरची वाट : स्मरणाची

चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जमले. पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे होती. त्यांच्या मंडळीत म्हाइंभट नावाचे एक व्युत्पन्न गृहस्थ होते. स्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या सहवासातील प्रसंग आणि बोल, अनुयायांच्या स्मरणात विखुरलेल्या होत्या. स्मरण करणारी माणसे एकेक करून जातील, मग हे सर्व त्यांच्याबरोबर जाईल, ही जाणीव म्हाइंभटांना झाली. त्यांनी ज्या व्यक्तीच्या बाबतीत जी लीळा घडली तिला गाठून, विचारून, ती टिपून घेतली आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतली. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, अशा रीतीने 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. तो मराठी गद्याचा आद्य ग्रंथ होय. त्यातली बोली बाजारात, शेतात, देवळाच्या ओसरीवर बोलली जाणारी आहे. वऱ्हाडातल्या आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी परवापरवापर्यंत असलेली वळणे तीत आढळली तर नवल नाही.

यानंतर आपत्ती आली. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजींच्या स्वाऱ्यांनी यादवांचे राज्य डळमळले. त्या धामधुमीत पंथाची मंडळी आडरानांनी कोकणाकडे निघाली असता वाटेत चोरट्यांनी ग्रंथांची गाठोडी लुटून नेली, असे पंथपरंपरा सांगते. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ प्रत गेली ती गेलीच.

मग काय केले असेल त्या लोकांनी? त्यांना तो ग्रंथ पाठ होता. कोणाला सारा, कोणाला अंशतः. ज्याला जसा आठवला तसा त्याने तो पुन्हा उभा केला. हिराइसा या विदुषीचे स्मरण विशेष दांडगे होते. तिच्या आठवणीतून सिद्ध झालेला पाठ 'हिराइसा पाठ' म्हणून प्रसिद्ध आहे. परशरामबास, रामेश्वरबास यांच्याही परंपरा होत्या. साहजिकच हे पाठ एकमेकांशी तंतोतंत जुळेनात. एकाच्या आठवणीत प्रसंग एका गावी घडला होता, दुसऱ्याच्या आठवणीत दुसऱ्या गावी. एकाला स्वामींचे वाक्य असे आठवले, दुसऱ्याला तसे.

अशा वेळी कोणताही पंथ एक पाठ प्रमाण ठरवतो आणि बाकीचे मोडीत काढतो. महानुभावांनी तसे केले नाही. त्यांच्या पोथ्यांत एक पाठ देऊन झाला की शेजारी दुसऱ्याचा पाठ नोंदलेला आढळतो, आणि त्याला 'वासना' असे नाव दिलेले असते. वासना म्हणजे येथे अमुकाच्या स्मरणातला पाठ. अमुक वासना अशी, तमुक वासना तशी. दोन्ही लिहून ठेवल्या. कोणती खरी हे ठाऊक नसताना, ठाऊक असल्याचा आव आणला नाही. सातशे वर्षांपूर्वी, घरदार सोडून रानोमाळ फिरणाऱ्या माणसांनी दाखवलेला हा बौद्धिक प्रामाणिकपणा आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात त्याचे जितके कौतुक व्हावयास हवे तितके झालेले नाही.

पुढे हे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले आणि शतकानुशतके मठांबाहेर अज्ञात राहिले. विसाव्या शतकात ती कवाडे उघडली. पंथातील महंतांच्या सहकार्याने आणि संशोधकांच्या चिकाटीने हे वाङ्मय उजेडात आले. यात आपल्या बाजूच्या मंडळींचा वाटा मोठा आहे. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी १९२५ साली महानुभावीय मराठी वाङ्मयाचा परिचय करून दिला. नागपूरचे हरि नारायण नेने यांनी १९३६ पासून 'लीळाचरित्र' भागाभागांनी छापले. पुढे शं. गो. तुळपुळे यांनीही ते संपादिले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. तिच्यातील काही मजकुरावर पंथीयांनी हरकत घेतली. ज्यांना तो ग्रंथ संशोधनाचे साधन आहे आणि ज्यांना तो श्रद्धेचा ठेवा आहे, अशा दोघांच्या दृष्टी येथे समोरासमोर आल्या. हा पेच पुन्हा पुढे भेटणार आहे.

३. पैठणची वाट : अधिकारी हाताची

दुसरी वाट अधिक परिचित आहे. ज्ञानेश्वरांनी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, इसवी सन १२९० साली, गीतेवरील आपली टीका पूर्ण केली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती प्रत आज उपलब्ध नाही. पुढे तीन शतके हा ग्रंथ मुखोद्गत होत, नकलला जात, मठांतून आणि घरांतून फिरत राहिला. इतक्या हातांतून गेल्यावर त्यात पाठभेद माजणे अटळच होते.

पैठणच्या एकनाथ महाराजांना ही अवस्था सहन झाली नाही. ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन सांगितले की, आळंदीच्या समाधीत अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती दूर कर, अशी कथा परंपरा सांगते. कथेचा अर्थ ज्याने त्याने घ्यावा. मला तिच्यात पाठशुद्धीचेच रूपक दिसते. जिवंत झाडाचीच मुळी. पण वाढता वाढता ती त्याच गळ्याभोवती आवळली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ लिहिली गेल्यास २९४ वर्षे झाली होती. ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतरामुळे तो बिघडला, असे त्यांनी समाप्तीच्या ओव्यांत स्वतःच नोंदवले आहे. यापुढे यात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा आशयाची ताकीदही त्यांनी दिली.

नाथांचे हे उपकार शब्दांत मावणारे नाहीत. त्यांनी ही प्रत केली नसती, तर वारकऱ्याच्या हाती आज कोणती ज्ञानेश्वरी असती, कोण जाणे. तिच्यामुळे ग्रंथ स्थिर झाला, आणि स्थिर ग्रंथच पारायणाला, प्रवचनाला, पिढ्यानुपिढ्यांच्या एकत्र वाचनाला आधार होतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली, तेव्हा हाताशी आली ती याच परंपरेची फळे.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न आदरपूर्वक विचारलाच पाहिजे. नाथांनी कोणत्या प्रती पाहिल्या? कोणते पाठ टाकले? का टाकले? याची नोंद आपल्याला मिळत नाही. त्यांच्या काळी तशी प्रथाच नव्हती, तेव्हा हा दोष त्यांचा नाही. त्यांच्या अधिकाराचा प्रभाव मात्र एवढा पडला की, त्यांच्या प्रतीनंतर नाथपूर्व पाठ नकलण्याचे कारणच उरले नाही. शुद्ध प्रत मिळाली, पण ती कशातून शुद्ध झाली हे दाखवणारा पुरावा मागे पडला. कपडा स्वच्छ धुतला गेला; पण डाग कोठे होते आणि डागांबरोबर मूळ रंगही कोठे गेला का, हे सांगता येईना.

याच प्रश्नाने इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना अस्वस्थ केले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांसाठी गावोगाव दप्तरे धुंडाळणाऱ्या या माणसाला बीड भागात पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती नाथपूर्व परंपरेची आहे असा त्यांचा निर्णय झाला. १९०९ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही मांडले. पुढे मुंबई सरकारने १९६० साली ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली, ती राजवाडे संहितेच्याच आधारे. विद्वानांत त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी मतभेद झाले आणि ते अजून पुरते मिटलेले नाहीत. पण एक गोष्ट राजवाड्यांनी सिद्ध केली. ज्याला आपण अंतिम समजतो, त्याच्याही मागे जाता येते, आणि मागे जाण्याने पूज्य ग्रंथाची अप्रतिष्ठा होत नाही. वारकरी नाथांचीच प्रत वाचत राहिला. अभ्यासकाने दोन्ही समोर ठेवल्या. दोघांचेही काही बिघडले नाही.

४. पुण्याची वाट : ताडून पाहण्याची

तिसरी वाट आधुनिक आहे, आणि ती मराठी विद्वानांनी जगासमोर ठेवलेली सर्वांत मोठी करणी आहे. ती महाभारताची चिकित्सक आवृत्ती होय.

या वाटेची पूर्वपीठिकाही मराठीच आहे. सतराव्या शतकात मूळचे कोपरगावचे, काशीत राहिलेले नीलकंठ चतुर्धर यांनी निरनिराळ्या प्रांतांतून महाभारताच्या पोथ्या जमविल्या आणि उत्तम वाटणारे पाठ निवडून, टीकेसह, आपली प्रत तयार केली. तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. नाथ आणि नीलकंठ यांची रीत एका जातीची होती. दोघांनीही पाठ निवडला तो आपल्या व्युत्पत्तीच्या आणि अधिकाराच्या बळावर.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ साली झाली आणि १९१९ साली महाभारताच्या कामाचा नारळ फुटला. १९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले आणि कामाला पक्की शास्त्रीय बैठक मिळाली. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या गोळा झाल्या. या प्रकल्पासाठी १२५९ हस्तलिखितांचा उपयोग झाला. एकेका श्लोकासाठी एकेक कागद, त्यावर प्रत्येक पोथीतला पाठ अक्षर न् अक्षर उतरवलेला. असे कागद वर्षानुवर्षे लिहिले गेले.

यामागचे तर्कशास्त्र सांगण्यास सोपे, आचरण्यास कठीण आहे. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी यांचा एकमेकींशी संबंध येण्याचा संभव फार कमी. तरीही एखाद्या ठिकाणी दोघींचा पाठ जुळत असेल, तर तो दोघींच्याही समान पूर्वजात असला पाहिजे. एखादे आख्यान एकाच प्रांताच्या पोथ्यांत असेल आणि बाकी सर्वत्र नसेल, तर ते त्या प्रांतातली भर असण्याचा संभव मोठा. सोपा आणि अवघड असे दोन पाठ असतील, तर अवघड पाठ जुना मानण्याकडे कल असावा. कारण नकलणारा अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही.

या कसोट्यांनी धक्कादायक निर्णय पुढे आले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, ही आपल्या प्रत्येकाच्या बालपणातली कथा आदिपर्वाच्या मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. सभापर्वाचे संपादन अमेरिकेतील फ्रँक्लिन एजर्टन यांनी केले. त्यात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मुख्य पाठात राहिला नाही. सश्रद्ध वाचकाला हे वाचून वेदना होणे स्वाभाविक आहे.

परंतु संपादकांनी ती कथा फाडून टाकली नाही. ती परिशिष्टात आहे, आणि कोणकोणत्या पोथ्यांत आढळते याच्या नोंदीसह आहे. प्रत्येक पानाच्या खालच्या भागात न स्वीकारलेले पाठ बारीक टाइपात दिलेले आहेत. कोणाला संपादकांचा निर्णय अमान्य असेल, तर तो उलटवण्यासाठी लागणारा सारा पुरावा त्यांनी त्याच पानावर विरोधकाच्या हाती ठेवला आहे. सुखठणकरांनी आणखी एक मर्यादा पाळली. आम्ही व्यासांचा मूळ ग्रंथ शोधून काढला, असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके गेलो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९३३ साली आदिपर्व पूर्ण झाले. १९४३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. श्री. कृ. बेलवलकर आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते ग्रंथपूर्तीची घोषणा झाली. सत्तेचाळीस वर्षे लागली.

त्याच वास्तूवर ५ जानेवारी २००४ रोजी एका जमावाने हल्ला केला आणि ग्रंथ, पोथ्या, जुन्या वस्तू यांची नासधूस केली. कारण वेगळे होते, महाभारताशी त्याचा संबंध नव्हता. पण ज्या कपाटांत विरुद्ध मताचाही पुरावा जपून ठेवलेला असतो, ती कपाटे किती नाजूक असतात, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. पाठ नकलणाऱ्याच्या चुकीने जातो, तसा तो लुटीत जातो आणि रागातही जातो. शेवटच्या प्रकारात तो परत मिळत नाही.

५. तीन वाटांचा ताळा

रिद्धपूरने स्मरणावर विसंबून पाठ परत आणला आणि मतभेद शेजारी लिहून ठेवले. पैठणने अधिकाराच्या बळावर एक निर्मळ पाठ दिला. त्याने समाजाचे मोठे कल्याण झाले, पण मागची वाट झाकली गेली. पुण्याने पुरावा ताडून पाठ ठरवला आणि टाकलेले सारे तळाशी जपले. पुण्याची शिस्त पाश्चात्त्य विद्येच्या संपर्कातून आली, असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. तथापि तिचा आत्मा रिद्धपूरच्या 'वासने'त आधीच होता.

म्हणून माझे निवेदन एवढेच की, आधीचा पाठ परत आणणे म्हणजे नंतरचा पाठ नष्ट करणे नव्हे. जो नंतरचा पाठ नष्ट करून मूळ आणतो, तो उद्याच्या संशोधकाला आपल्यावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्ग ठेवीत नाही. आणि माणूस कितीही थोर असला तरी त्याच्यावरील विश्वास हा पुराव्याला पर्याय होत नाही. शिवाय भर घातलेला मजकूरही इतिहासच असतो. गणपतीची कथा व्यासांच्या काळची नसेल, पण ती रचणाऱ्या समाजाला ग्रंथाविषयी काय वाटत होते, याची ती अस्सल साक्ष आहे.

आज संगणकाने हे काम फार सोपे केले आहे. योग्य सोय केली असेल तर लिहिलेल्या मजकुराचे प्रत्येक पूर्वरूप यंत्र सांभाळून ठेवते. कोणत्या दिवशी कोणी काय बदलले हे दाखवते. आणि हवे तर जुने रूप एका क्षणात परत आणते. म्हाइंभटांना हे मिळाले असते तर! पण यंत्र जपते ते यंत्रात घातलेले. जे कोणी लिहिलेच नाही, किंवा लिहिले आणि सोय नसल्याने त्यावरच पुन्हा लिहिले, त्याचा पूर्वपाठ यंत्राजवळही नसतो.

६. आपल्या दारचे पाठभेद

शेवटी आपल्या घरी येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. ती का सुरू झाली? पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणली आणि नदीतच त्यांच्यावर दगड पडले, ही कथा बहुतेकांनी ऐकली असेल. तिचा संबंध भोसलेकाळातल्या लढायांशी जोडणारेही आहेत. घरोघरी तपशील निराळा. आपण यातली एक कथा उचलतो, तीच वर्तमानपत्रांना सांगतो, आणि वर्षागणिक तीच छापली जाते. बाकीच्या कथा सांगणारी म्हातारी माणसे निघून चालली आहेत. मी कोणती कथा खरी ते सांगण्यास आलेलो नाही. रिद्धपूरच्या रीतीने सर्व वासना लिहून ठेवा, एवढेच सांगतो. सावरगावची वासना अशी, पांढुर्ण्याची अशी. आणि सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय शेजारी.

दुसरा दाखला याहून जवळचा आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्ये पुन्हा आखली गेली. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. ती विदर्भाबरोबर मुंबई राज्यात गेली आणि पांढुर्णा-सौसर हा सातपुड्याच्या पायथ्याचा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. या सीमेने आपल्यावर कोणताही जुलूम केला असे मी म्हणत नाही. हिंदीने आम्हांला मोठे जग दिले. पण हिंदीच्या नेहमीच्या लेखनात 'ळ' हे अक्षर नाही. त्यामुळे कागदोपत्री 'काळे' यांचे 'काले' झाले, 'साबळे' यांचे 'साबले' झाले. कोणी मुद्दाम केले नाही. नकलणाऱ्याच्या हाताला जे अक्षर सवयीचे, ते त्याने लिहिले. ज्ञानेश्वरीच्या पोथीत जे घडले, तेच आपल्या नावात घडले.

आमच्या घरी आजोबांच्या हातची एक मोडी नोंद आहे आणि तिच्याखाली बाळबोधीत त्यांची सही. तिच्यातला 'ळ' ठसठशीत आहे. माझ्या वडिलांच्या शालेय दाखल्यावर 'ल' आला. माझ्या मुलाने एकदा विचारले, बाबा, आपले खरे आडनाव कोणते? मी तत्काळ आजोबांकडे बोट दाखवणार होतो. मग थांबलो. 'ल' लिहिलेल्या दाखल्यावरच माझ्या वडिलांना नोकरी लागली, त्याच नावाने त्यांनी आम्हांला शिकवले. तो पाठ खोटा कसा म्हणू? मी त्याला दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. हा आधीचा, हा नंतरचा, आणि मधे १९५६ साल. तो बराच वेळ पाहत राहिला.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. रिद्धपुरी मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे. म्हाइंभट ज्या मातीत लीळा गोळा करीत होते, तेथेच हे घडावे, हे उचितच आहे. परंतु भाषा जपण्याचे काम विद्यापीठावर सोपवून आपण मोकळे होऊ नये. आपल्या घरातल्या ट्रंकेत बाडे आहेत, लग्नाच्या याद्या आहेत, जमिनीचे कागद आहेत, आजीच्या ओव्यांच्या वह्या आहेत. दिवाळीच्या साफसफाईत त्यांची रद्दी होते. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी ठरवले, तर एका उन्हाळ्याच्या सुटीत त्यांची यादी होऊ शकेल. कागद ज्याचा त्याच्याच घरी राहू द्या. त्याचे छायाचित्र आणि दोन ओळींची टिप्पणी शाळेच्या ग्रंथालयात जमा करा. दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही ठेवा. ते जुळवून देण्याची घाई करू नका. ते काम आपल्यामागून येणारा, आपल्याहून अधिक जाणणारा कोणीतरी करील. त्याच्यासाठी पुरावा शिल्लक ठेवणे एवढेच आपले काम.

गुरुजींच्या भाषेत सांगावयाचे तर, खोडू नका. खाली रेघ ओढा, आणि समासात लिहा.